समोरच्या खिडकीतले गुरुजी

परवा लेकीने घरात एक काळा डबा आणून ठेवला. पोह्यांच्या डब्याएवढा असेल. त्यात तिने घरातले सगळे फोटो, आमच्या लग्नाचा व्हिडिओ आणि तिच्या आईच्या जुन्या कॅसेटी असं सगळं भरलं. मग फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, काचेवर बोट फिरवलं, आणि ओट्यावर ठेवलेल्या त्या फोनमधून तिच्या आईचे गाण्याचे गुरुजी खोकले. गाण्याआधी ते नेहमीच खोकत.

"बघा बाबा, डबा हॉलमध्ये आणि गाणं किचनमध्ये. मध्ये तार नाही," ती म्हणाली.

"हे आम्ही बनारसला, दुर्गाघाटावर केलं होतं. तू जन्मायच्या आधी," मी म्हणालो.

गोष्ट सांगायला बसलेल्या बापाकडे मुलं ज्या दयेने बघतात, तसं तिने बघितलं. माझ्या बाजूने कुणी साक्ष देईल अशी आशा मी सोडली होती. पण तिची आई पोळी उलटता उलटता म्हणाली, "केलं होतं. तुझ्या बाबांनी केलं आणि तुझ्या आजीने धुतलं."

ते धुणं कळायचं तर आधी आमचं घर कळायला हवं. दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं चार मजली घर होतं आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली. काडेपेटी उभी करून ठेवावी तसं. सगळ्यात खाली बाबांची बैठक. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेली मंडळी तिथे बसायची, बाबा त्यांचे विधी करायचे, आणि विधी आटोपले की जेवण आमच्याकडेच. ते शिजायचं सगळ्यात वर, छताला लागून असलेल्या स्वयंपाकघरात, आणि तेही सोवळ्यात. म्हणजे आंघोळ करून, कुणाचा हात न लागलेलं लुगडं नेसून चुलीपुढे बसायचं, आणि पानं वाढून होईपर्यंत बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. आई आणि माझी बायको सकाळपासून दुपारपर्यंत तिथे असत.

मी बँकेत होतो. घराण्यात पौरोहित्य न करणारा पहिलाच पुरुष. "हा आमचा मुलगा, बँकेत असतो," असं बाबा यजमानांना सांगत, ते 'दवाखान्यात असतो' याच सुरात. मला एकच नाद होता, वस्तू उघडण्याचा. रेडिओ, इस्त्री, घड्याळ, काहीही. उघडणं मला छान जमे. माझ्या हातात पेचकस दिसला की घरातले लोक चालू वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत नेत.

बायको लग्नाआधीपासून गाणं शिकत होती. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. एकदा ती आमच्या लग्नामुळे राहिली, एकदा आईच्या मोतीबिंदूमुळे. त्या वर्षी तिने पुन्हा नाव दिलं, कारण एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची जागा निघाली होती आणि तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, पास व्हा, जुलैपर्यंत जागा राखून ठेवते. बायको मला एवढंच म्हणाली, "यंदा नाही झालं तर मी तानपुरा गवसणीत घालणार. मग तो कुणी काढायला सांगू नये." ती मोठ्याने भांडली असती तर मी निश्चिंत राहिलो असतो. हे ती तांदूळ निवडताना बोलली, म्हणून मी घाबरलो.

त्यातच तिचे गुरुजी जबलपूरला मुलाकडे राहायला निघाले, कायमचे. जाण्याआधी त्यांनी परीक्षेचे सगळे राग कॅसेटींवर गाऊन दिले. नुसते गायले नाहीत, शिकवले. "बेटी, यहाँ साँस मत लेना," "अब सम पर आओ, हड़बड़ाना नहीं," असं मध्ये मध्ये बोलत, चहाचा घोट घेत. त्यांचं एक म्हणणं होतं की आधी कान भरू द्या, गळा आपोआप मागे येतो. संध्याकाळी ती गळ्याचं बघायची. कान भरायचे तर मोकळा वेळ सकाळचाच, आणि सकाळी तिचे हात कणकेत.

"मी करतो काहीतरी," मी म्हणालो.

"तुम्ही काही करू नका, तेवढं पुरेल," ती म्हणाली. पण तिला दुसरा कुणी मिळत नव्हता.

खालच्या बैठकीतूनच टेप मोठ्याने लावावा, तर तिथे यजमान पितरांना पाणी देत बसलेले. म्हणून मी टेपरेकॉर्डर उचलून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर छतावर नेऊन ठेवला. आत आणायचा प्रश्नच नव्हता, आईने तो नजरेनेच मिटवला होता. टेप लावून मी आंघोळीला उतरलो. बनारसची छतं माणसांची नसतात, माकडांची असतात, आपण तिथे पापड घालतो ते त्यांच्या परवानगीने. टेपरेकॉर्डरचं झाकण उघडायचं बटण जे मला पहिल्या दिवशी सापडलं नव्हतं, ते त्या माकडाला लगेच सापडलं. मी ओल्या अंगाने वर पोचलो तेव्हा भीमपलासी फितीसकट तीन छतांवर पसरला होता आणि त्याचं एक टोक पिंपळाला लागलं होतं.

भीमपलासी बायकोला बऱ्यापैकी येत होता, तेवढंच नशीब. उरलेल्या कॅसेटी तिने खाली बाबांच्या कपाटात ठेवल्या आणि सांगितलं, या आता वर जाणार नाहीत.

मग मी तार ओढली. टेपरेकॉर्डर खाली, कर्णा वर, मध्ये चार मजले तार. दोन रविवार जिन्यात खिळे ठोकले. जोडणार तेवढ्यात आईने आतून विचारलं, "ती तार खाली कुठे टेकते?"

"टेपला."

"टेपला कोण कोण शिवतं?"

"सगळेच. मी, बाबा, यजमानांची पोरं."

"आणि वरचं टोक माझ्या स्वयंपाकघरात. म्हणजे खालच्या सगळ्यांनी मला शिवल्यासारखंच झालं की."

"आई, तारेतून आवाज येतो. स्पर्श नाही येत."

"बिजली येते ना? ती दिसते का? खाली बटणाला हात लावला की वर झटका बसतो. मग विटाळ का नाही यायचा?"

मी विज्ञानाचा पदवीधर. पण हा प्रश्न आमच्या पुस्तकात नव्हता. प्रकरण बाबांकडे गेलं. ते पूजेची भांडी पुसत होते. म्हणाले, "शास्त्रकारांच्या वेळी तार नव्हती. त्यामुळे निषेध नाही आणि आधारही नाही. अशा ठिकाणी घरातल्या बाईचा शब्द प्रमाण." बाबांचे सगळे कठीण निर्णय शेवटी याच वाक्यावर येऊन थांबत.

"आवाजाला विटाळ असतो का?" बायकोने हळूच विचारलं.

"छे," आई म्हणाली. "आवाजाला कसला? नाही तर गल्लीतल्या शिव्या ऐकून दिवसातून दहा वेळा आंघोळ करावी लागली असती."

म्हणजे आवाज चालतो, तार चालत नाही. एवढं कळल्यावर मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि घरात तो मला एकट्यालाच आहे. तेव्हा हौशी लोकांसाठी सुटे भाग मिळायचे. ते जोडले की काडेपेटीएवढं एक यंत्र तयार होई. त्याला बारीक माइक असे. त्याच्यासमोर बोललं की जवळपासच्या रेडिओवर एफएमच्या पट्टीत ऐकू येई. बनारसमध्ये तेव्हा त्या पट्टीवर नुसता खरखराट असायचा. असलं काही चालवायला सरकारी परवाना लागतो हे मला ऐकून माहीत होतं. पण माझ्या हातचं यंत्र चालेल असं मलाच वाटत नव्हतं, तर सरकारला कशाला वाटेल?

चाललं. बैठकीतल्या कपाटात टेपरेकॉर्डर, त्याच्या तोंडाशी ते यंत्र, आणि चौथ्या मजल्यावर माझ्या खिशातल्या छोट्या रेडिओत गुरुजी खोकले. मी जिन्यावरच बसलो. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली, पिठाचे हात वर धरून उभी राहिली आणि खोकला संपून षड्ज लागेपर्यंत हलली नाही.

"आला की हो," ती म्हणाली.

आता प्रश्न रेडिओचा. तो बाहेर छतावर ठेवावा तर माकडं. आत न्यावा तर सोवळं. या वेळी मात्र आईनेच मार्ग काढला. रेशमाला विटाळ नसतो, हे आमच्याकडे जगजाहीर. तिने जुन्या पीतांबराच्या काठातून रेडिओला खोळ शिवायला घेतली. त्यात आठवडा गेला, आणि तोवर मी रोज सकाळी बँकेत जायच्या आधी यंत्र लावून जिन्यात तपासत होतो. खोळ झाली तसा तिने वर बंद लावला आणि म्हणाली, "उद्या सकाळी मी स्वतः आत नेते. तू हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून आलो तर रेडिओ रेशमी खोळ घालून देवळीत बसला होता. एखाद्या देवासारखा, आणि तितकाच मुका.

"वाजत नाही तो," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"खोळीत घालायच्या आधी काय केलं?" मी आईला विचारलं.

"काय करणार? इतके दिवस तुझ्या खिशात होता, सायकलवर होता, बँकेत होता. तसाच कसा आत नेऊ? गंगाजळ शिंपडलं." तिने पदराने देवळीची कड पुसली. "आधी शिंपडलंच. मग म्हटलं, सूनबाईच्या परीक्षेचं काम आहे, त्यात कमतरता नको. म्हणून कळशीत बुडवला. चांगला तीनदा."

रागवावं तर कुणावर? मी तो उघडला. आतून आलेलं पाणी आईने तुळशीत ओतलं, गंगाजळ होतं ना. मी त्याला उन्हात ठेवलं, तांदळात पुरलं. दुरुस्तीवाल्याने तो कानाशी हलवून बघितला आणि विचारलं, "नहलाया है क्या?" मी मान डोलावली. तो म्हणाला, "गुरु, अब इसको मोक्ष मिल गया."

परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. बागेश्री अजून कच्चा होता. नवा रेडिओ आणतो म्हटलं, तर बायको म्हणाली, "राहू द्या. नवा आला की तोही धुतला जाईल." हे ती हसून बोलली, पण त्या संध्याकाळी तानपुऱ्याची गवसणी तिने खुंटीवरून काढून झटकली. मी बघत होतो. आईही बघत होती. त्या रात्री आईने ताक घेतलं नाही.

मी यंत्र बंदच ठेवलं होतं. ऐकायलाच कुणी नाही तर लावायचं कशाला?

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी छतावर पापडांची राखण करत होतो, म्हणजे माकडांच्या आणि माझ्या मध्ये एक काठी होती. आमची गल्ली इतकी अरुंद की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर समोरच्या घराच्या खिडकीतून वाटी घेता येई. त्या खिडकीत समोरची चाची राहायची. 'राहायची' असंच म्हणायला हवं, कारण गुडघ्यांमुळे ती दिवसभर खिडकीपाशीच्या तख्तावर बसलेली असे. तिने जाळीतून हाक मारली, "ए बहू, गुरुजी की तबीयत खराब है का? तीन दिन से गाए नहीं."

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. "कौन गुरुजी, चाची?"

"अरे वही, जो खाँस के सुरू करते हैं."

चाचीच्या मुलाने मस्कतहून तिला एक मोठा रेडिओ आणून दिला होता. तिने सांगितलं, त्यात एक पट्टी रिकामीच होती, नुसती खरखरायची, आणि एके दिवशी त्यात गुरुजी गायला लागले. तिला वाटलं सरकारने नवं स्टेशन काढलं. "फिर तुम्हारे ससुर का संकल्प आया बीच में. और एक दिन भइया बोला, ये पेचकस किसने छिपाया. तब हम समझे, ये स्टेशन तो सामने वाला है."

माइक उघडा होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या बैठकीत बोललेलं सगळं गल्लीपार जात होतं. मी झरझर आठवायला लागलो की चाचीबद्दल आपण खाली बसून काय काय बोललो.

"वो भी सुना," चाची माझ्याकडे बघून म्हणाली. "मोटी तो हम हैं ही, भइया. उसमें झूठ क्या है?"

मी पापडांकडे बघितलं. तेवढ्यात एक गेलाच.

आई चुलीपुढून उठली, खिडकीशी आली. "चाची, तुमचा रेडिओ किती मोठा आवाज करतो?" आईला इथे जन्म काढूनही हिंदी बोलताना मराठीच यायची आणि चाचीला ती कळायची.

चाचीने बोटाने चकती फिरवली. खरखराट इतका मोठा झाला की पिंपळावरचे राघू उडाले.

"आमच्याकडे तोंड करून ठेवाल?" आई म्हणाली. "मध्ये गल्ली आहे. शिवायचा प्रश्न नाही."

मी खाली धावलो. चार मजले कसा उतरलो आठवत नाही. शेवटच्या पायरीवर पडलो, ते मात्र सगळ्यांना आठवतं. बागेश्रीची कॅसेट घातली, यंत्र लावलं. बाबांसमोर सोलापूरकडचं एक कुटुंब बसलं होतं. बाबांनी मला खुणेने विचारलं, काय चाललंय. मी ओठांवर बोट ठेवून माइक दाखवला. बाबांनी पुढचा मंत्र एवढ्या हळू म्हटला की यजमान पुढे वाकले.

आमच्या कपाटातून निघालेले गुरुजी गल्ली ओलांडून चाचीच्या खिडकीत जायचे आणि तिथून उलटे आमच्या स्वयंपाकघरात यायचे. आपल्याच घरचं गाणं शेजारणीकडून उसनं आणायचं, असा तो कारभार. पण आवाज स्वच्छ नव्हता. गुरुजींच्या आलापात बाबांचा संकल्प यायचा, यजमानांच्या पोराचं रडणं यायचं, चाचीचा कुकर शिट्टी द्यायचा, गल्लीतून "हटो, साँड आ रहा है" ऐकू यायचं. पहिल्या दिवशी बायको वैतागली. सम कुठे गेली तेच कळत नाही म्हणाली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वर गेलो तर ती कणीक मळता मळता ताल धरत होती. समेवर कणकेला एक गुद्दा. सांड गेला, कुकर वाजला, गुद्दा जागच्या जागी.

चाची फर्माइशीही करायला लागली. "आज रात वाला राग मत लगाना भइया, नींद आती है." आई काही बोलत नसे. पण एकदा बायकोने तान घेतली तेव्हा भाजी ढवळता ढवळता ती म्हणाली, "तिथे श्वास नको घेऊ. ते नको म्हणतात ना तिथे." आणि मग आपण काय बोललो हे कळून पळी जरा जोरात आपटली.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. मैदागिनच्या चौकापर्यंत पायी, पुढे रिक्षा. तानपुरा माझ्या मांडीवर. "तुम्ही काही दुरुस्त करू नका तिथे," ती म्हणाली. परीक्षा एका शाळेत होती. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. तिच्या आधी एक मुलगी गाऊन आली, मग एक बाई. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, तानपुरा जुळला, बागेश्री सुरू झाला, आणि बिजली गेली. शाळेचा जनरेटर नेमका त्या खिडकीखाली. तो सुरू झाला तेव्हा मला माझ्याच पोटातला आवाज ऐकू येईना. कुणीतरी आतून म्हणालं, "बेटी, चाहो तो रुक जाओ."

मी उठून खिडकीच्या फटीतून बघितलं. गाणं ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा उजवा हात दिसत होता, मांडीवर. मध्येच मूठ वळली आणि खाली आली, कणकेला गुद्दा घालावा तशी. काही वेळाने पुन्हा. एका परीक्षकाची मान त्याच क्षणाला हलत होती.

ती बाहेर आली. मी विचारलं, "त्रास झाला का फार?"

"कसला?"

"जनरेटरचा."

"होता का?" ती म्हणाली. मग हसली. "मला वाटलं, चाचीचा कुकर."

गल्लीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. घर अजून वळणापलीकडे होतं आणि गुरुजी ऐकू यायला लागले. मी थबकलो. टेप लावायला घरी होतं कोण? बाबांनी त्या यंत्राला कधी बोट लावलं नव्हतं. वर बघितलं तर चाची जाळीला नाक लावून बसलेली, आणि समोर आमच्या खिडकीत आई.

"तुझे बाबा लावतात," आई वरूनच म्हणाली. "मीच सांगितलं. कपाट त्यांचं आहे, बटण त्यांना का येऊ नये?" मग सुनेकडे बघत तिने विचारलं, "श्वास कुठे घेतलास?"

"नाही घेतला, आई. तिथे नाही घेतला."

"मग झालं," आई म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली.

ती पास झाली. गवसणी पुन्हा खुंटीवर गेली. जुलैत शाळा सुरू झाली, तशी घरात नवी व्यवस्था आली. सकाळी मदतीला नात्यातल्या एक काकू यायला लागल्या. पहिल्या दिवशी बायको शाळेला निघाली, तिला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून मी परत आलो आणि यंत्र काढून ठेवायला कपाट उघडलं. आता काम संपलं होतं. पेचकस हातात घेतला, तो चालूच असलेल्या माइकला खट्कन लागला, तेवढ्यात वरून, चार मजले चिरत आवाज आला.

"अरे, काय करतोस?"

"काढून ठेवतो, आई. ती गेली ना शाळेत."

"ती गेली म्हणून काय झालं? मी आहे ना इथे. चाची बसली आहे कधीची. यमन लाव, आणि तो पेचकस बाबांकडे दे."